आरशापुढचा अभ्यास

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. अनुभवाने ती पुष्कळदा खरीही ठरते. पोक काढून बसणाऱ्या मुलाला आई दिवसातून दहा वेळा ‘ताठ बस’ म्हणून सांगते. तो मुलगा तेवढ्यापुरता छाती पुढे काढून ताठ होतो. परंतु घटकाभराने पाहावे, तर त्याची पाठ पुन्हा धनुष्यासारखी वाकलेली असते. यात त्या मुलाचा हट्ट नसतो, की आईची अवज्ञा करावी असा हेतूही नसतो. आपण वाकलो आहोत, याची त्याला जाणीवच नसते. जी चूक चूक म्हणून जाणवत नाही, ती सुधारावी तरी कशी? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच प्रश्न ऑस्ट्रेलियातील एका तरुणापुढे उभा राहिला. त्याच्या उत्तरावर त्या तरुणाची उपजीविका अवलंबून होती. ते उत्तर त्याने आरशापुढे उभे राहून, मोठ्या चिकाटीने शोधून काढले. त्या तरुणाचे नाव फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर.

ऑस्ट्रेलिया खंडाच्या दक्षिणेस टास्मानिया नावाचे बेट आहे. त्या बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील विनयर्ड या गावाजवळ २० जानेवारी १८६९ रोजी अलेक्झांडरचा जन्म झाला. त्याचा बाप लोहारकाम करी. पूर्ण दिवस भरण्यापूर्वीच जन्मल्यामुळे हे मूल फार अशक्त होते. श्वासाच्या विकाराने ते वारंवार आजारी पडे. त्यामुळे त्याचे शाळेत जाणे नियमित होईना. तेव्हा गावच्या शिक्षकाने त्याला सायंकाळच्या वेळी वेगळे शिकवण्याचे मान्य केले. या शिकवणीतून त्याला शेक्सपिअरच्या नाटकांची गोडी लागली, आणि ती पुढे जन्मभर टिकली.

घरची स्थिती बेताची असल्यामुळे वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी अलेक्झांडरला कथलाच्या खाणीच्या कंपनीत कारकुनी पत्करावी लागली. तेथे त्याने तीन वर्षे नेटाने काम करून काही पैसे साठवले आणि १८८९ साली मेलबर्न हे मोठे शहर गाठले. नाटके पाहावीत, संगीत ऐकावे आणि आपणही रंगमंचावर उभे राहावे, ही त्याची मनीषा होती. मिळेल ती नोकरी करीत त्याने आवाजाचे व अभिनयाचे शिक्षण घेतले आणि नाट्यप्रवेशांचे व कवितांचे जाहीर पठण करण्याचा व्यवसाय पत्करला.

त्या काळी बोलपट नव्हते, नभोवाणी नव्हती, की सभागृहात ध्वनिक्षेपकही नव्हते. एकटा मनुष्य रंगमंचावर उभा राही आणि नाटकातील उतारे केवळ आपल्या आवाजाच्या बळावर शेवटच्या रांगेतील श्रोत्यापर्यंत पोहोचवी. अलेक्झांडर या कलेत लवकरच नावारूपास येऊ लागला. परंतु याच सुमारास त्याचा घसा त्याला दगा देऊ लागला. पठण करताना तो तोंडाने मोठ्याने श्वास ओढतो आणि त्याचा आवाज ऐकू येतो, असे त्याला मित्रांनी सांगितले. पुढे पुढे आवाज बसू लागला. डॉक्टरांनी औषधे दिली. पण गुण तात्पुरता येई आणि दुखणे पुन्हा उलटे.

अशा स्थितीत त्याला एका महत्त्वाच्या कार्यक्रमाचे निमंत्रण आले. आवाज साथ देईल की नाही, याची त्याला धास्ती वाटू लागली. तेव्हा डॉक्टरांनी सांगितले, की कार्यक्रमापूर्वी दोन आठवडे शक्य तितके कमी बोलावे, म्हणजे आवाज ठीक राहील. अलेक्झांडरने हे पथ्य कसोशीने पाळले. कार्यक्रमाच्या दिवशी तो रंगमंचावर उभा राहिला, तेव्हा त्याचा आवाज अगदी स्वच्छ होता. पण निम्मे पठण होते न होते तोच घसा खरखरू लागला, आणि शेवटी तर त्याला बोलणेही कठीण झाले. हातातोंडाशी आलेला घास असा निसटताना पाहून त्याला किती निराशा वाटली असेल!

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा डॉक्टरांकडे गेला. उपचार पुढे चालू ठेवावेत, असे डॉक्टरांचे मत पडले. अलेक्झांडरने मात्र ते मान्य केले नाही. त्याने असा विचार मांडला, की कार्यक्रमाच्या आरंभी आपला आवाज चांगला होता आणि अखेरीस तो बिघडला. त्या अर्थी मधल्या काळात आपणच असे काहीतरी केले असले पाहिजे, की ज्यामुळे घशाला इजा झाली. डॉक्टरांना हे म्हणणे पटले. परंतु ते ‘काहीतरी’ म्हणजे नेमके काय, हे त्यांना सांगता येईना. तेव्हा आपणच त्याचा शोध घ्यावा, असा निश्चय करून अलेक्झांडर घरी परतला.

शोधाचे साधन म्हणून त्याने आरसा निवडला. आरशापुढे उभा राहून तो प्रथम नेहमीच्या पद्धतीने बोलला. त्यात त्याला काही वावगे दिसले नाही. मग त्याने रंगमंचावरच्यासारखे पठण सुरू केले. तेव्हा तीन गोष्टी त्याच्या ध्यानात आल्या. पठणाला आरंभ करताच तो आपले डोके मागे खेचीत होता, स्वरयंत्र खाली दाबीत होता आणि तोंडाने धापेसारखा श्वास ओढीत होता. पुन्हा साधे बोलून पाहिले, तेव्हा याच तिन्ही गोष्टी थोड्या प्रमाणात तेथेही आढळल्या. आजवर त्या त्याच्या लक्षात आल्या नव्हत्या, इतकेच.

या तिहींपैकी मूळ कोणते आणि परिणाम कोणता? अलेक्झांडरने एकेक गोष्ट थांबवण्याचा प्रयत्न केला. श्वास ओढणे थांबेना. स्वरयंत्रावरील दाबही टळेना. परंतु डोके मागे जाऊ न देणे थोडेबहुत साधले आणि नवल असे, की ते साधताच उरलेल्या दोन्ही खोडी आपोआप कमी झाल्या. काही काळाने डॉक्टरांनी घसा तपासला, तेव्हा त्यातही सुधारणा आढळली. रोगाचे मूळ सापडले असे त्याला वाटले. पण खरी अडचण पुढेच होती.

डोके मागे जाते, तर ते थोडे पुढे ठेवावे, असे त्याने ठरवले. आपण ते पुढे ठेवीत आहोत, असे त्याला स्पष्टपणे जाणवतही होते. तरीही अपेक्षित सुधारणा होईना. तेव्हा त्याने समोरच्या आरशाच्या दोन्ही बाजूंस आणखी दोन आरसे उभे केले, म्हणजे स्वतःला बाजूनेही पाहता यावे. त्या आरशांत त्याला जे दिसले, त्याने तो थक्क झाला. डोके पुढे ठेवले आहे असे वाटत असताना, प्रत्यक्षात तो ते मागेच खेचीत होता! एवढेच नव्हे, तर छाती उचलणे, पाठ आकसून घेणे आणि पायांच्या बोटांनी जमीन घट्ट धरणे, असे किती तरी निरर्थक श्रम त्याचे सारे शरीर त्याच वेळी करीत होते. म्हणजे दोष केवळ घशाचा नव्हता. उभे राहण्याच्या आणि हालचाल करण्याच्या साऱ्या पद्धतीतच तो भिनला होता.

या घटनेत एक मोठे सत्य दडलेले आहे. आपल्या शरीराची ठेवण कशी आहे हे आपल्याला आतून जाणवते खरे. परंतु ती जाणीव सवयीच्या आधीन असते. याची प्रचीती घेणे अगदी सोपे आहे. दोन्ही हातांची घडी घालावी आणि कोणता हात वर आहे ते पाहावे. मग घडी सोडून दुसरा हात वर येईल अशा रीतीने ती पुन्हा घालावी. बहुतेकांना ही दुसरी घडी अवघड आणि काहीतरी चुकल्यासारखी वाटते. वास्तविक दोन्ही घड्या सारख्याच योग्य आहेत. परंतु जे सवयीचे, ते आपल्याला बरोबर वाटते आणि जे नवे, ते चूक वाटते. वर्षानुवर्षे पोक काढून बसणाऱ्या मुलाला सरळ बसणे वाकडे वाटते, त्याचे कारण हेच होय.

मग अलेक्झांडरने पुढे काय केले? आपण पठण करायचे असे मनात येताच जुनी सवय झडप घालते, हे त्याने पाहिले होते. नव्या रीतीने बोलण्याची त्याची घाईच जुन्या सवयीला बोलावणे धाडीत होती. म्हणून त्याने प्रथम थांबायला शिकण्याचे ठरवले. ‘हे वाक्य म्हणावे’ अशी इच्छा झाली, की तो ती अमलात न आणता क्षणभर थांबे. मानेला मोकळी सोडावी, डोके पुढे व वर जाऊ द्यावे, पाठ लांब व रुंद होऊ द्यावी, अशा सूचना तो मनातल्या मनात देत राही. त्यानंतर तो नव्याने निर्णय घेई. कधी वाक्य म्हणे, कधी मुळीच म्हणत नसे, तर कधी वाक्याऐवजी नुसता हात वर उचली. परंतु या तिन्ही प्रसंगी मनातील सूचना मात्र तो अखंड चालू ठेवी. बोलण्याची सक्तीच उरली नाही, तेव्हा जुन्या सवयीचा जोर ओसरला. हा अभ्यास एकदोन दिवसांचा नव्हता. त्यात महिनेच्या महिने गेले. अखेर पठण करतानाही त्याचे डोके सवयीने मागे जाईनासे झाले, आवाज सुधारला, आणि त्याबरोबर लहानपणापासूनचा श्वासाचा त्रासही हटला.

डोक्याच्या ठेवणीला एवढे महत्त्व का असावे, हे शरीराची रचना पाहिली म्हणजे समजते. मोठ्या माणसाच्या डोक्याचे वजन साधारणपणे साडेचार ते पाच किलोग्रॅम असते. एवढे ओझे पाठीच्या कण्याच्या सर्वांत वरच्या मणक्यावर तोललेले असते. त्याचा भार पुढच्या बाजूस किंचित अधिक असतो. म्हणूनच बसल्या बसल्या डुलकी लागली, की हनुवटी छातीकडे झुकते. जागेपणी मानेच्या मागचे स्नायू हा भार आवरून धरतात. डोके नीट तोललेले असेल, तर त्यांना थोडेच श्रम पडतात. परंतु मान जितकी पुढे झुकवावी, तितके त्यांचे श्रम वाढतात. उलटपक्षी, डोके मागे खेचून धरले तर हेच स्नायू विनाकारण आखडतात. मांडीवर पुस्तक किंवा मोबाइल ठेवून तासभर मान वाकवल्यावर ती अवघडते, ती याचमुळे.

आवाज सुधारल्यावर अलेक्झांडरकडे दुसरे नट व वक्ते शिकण्यास येऊ लागले. १९०४ साली तो लंडनला गेला आणि तेथेच त्याने आपले कार्य उभारले. शिकवण्याची त्याची पद्धत निराळी होती. खुर्चीतून उठणे, पुन्हा बसणे, चालणे, बोलणे अशा नित्याच्या क्रिया तो शिष्यांकडून करून घेई आणि त्यांच्या मानेवर व पाठीवर हलकेच हात ठेवून, कोठे अकारण ताण पडतो आहे, ते त्यांना जाणवून देई. १९२४ साली त्याच्या लंडनमधील जागेत मुलांसाठी एक छोटा वर्ग सुरू झाला. तेथे मुले नेहमीचेच विषय शिकत. परंतु लिहिताना व वाचताना आपण शरीर कसे वापरतो, याकडेही त्यांचे लक्ष वेधले जाई. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात त्याने आरशापुढील आपल्या प्रयोगांची हकीकत सविस्तर सांगितली आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई आणि सुप्रसिद्ध नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ हे त्याचे शिष्य होते. १९५५ साली लंडनमध्ये त्याचे निधन झाले.

त्याच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी, म्हणजे १९७३ साली, प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ निको टिनबर्गन यास नोबेल पारितोषिक मिळाले. त्या प्रसंगी केलेल्या व्याख्यानाचा एक भाग त्याने अलेक्झांडरच्या कार्याला वाहिला. २००८ साली ब्रिटनमध्ये जुनाट पाठदुखीच्या ५७९ रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांची पाठ वर्षअखेरीस चार आठवड्यांतून साधारणपणे २१ दिवस दुखत होती. तर या पद्धतीचे २४ पाठ घेतलेल्यांच्या बाबतीत ती संख्या ३ दिवसांवर आली होती. अर्थात, ही पद्धत म्हणजे सर्व रोगांवरील रामबाण औषध नव्हे. अलेक्झांडरची सगळीच मते शास्त्रज्ञांनी मान्य केलेली नाहीत. एखाद्या मुलाची पाठ किंवा मान सतत दुखत असेल, तर त्याने ते वडीलधाऱ्यांना सांगून डॉक्टरांचा सल्ला घेणे हेच शहाणपणाचे होय.

परंतु अलेक्झांडरच्या जीवनापासून जो बोध घ्यावयाचा, तो कोणत्याही मुलाला आपल्या नित्यक्रमात अमलात आणता येईल. पहिली गोष्ट म्हणजे पाहणे. आपण लिहिताना वहीवर किती वाकतो, एकाच खांद्यावर दप्तर अडकवून चालताना कोणत्या बाजूस कलतो, लेखणी किती घट्ट आवळतो, हे आधी नीट पाहावे. स्वतःला दिसत नसेल, तर आरशाची अथवा मित्राची मदत घ्यावी. मित्रानेही हसू नये. जे दिसेल ते खरेखरे सांगावे.

दुसरी गोष्ट म्हणजे थांबणे. बाकावरून उठण्यापूर्वी, खाली पडलेली वस्तू उचलण्यापूर्वी किंवा पाण्याने भरलेली बादली हाती घेण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि मान व खांदे सैल सोडावेत. जड वस्तू उचलताना कमरेत वाकून हिसका देऊ नये. वस्तूच्या जवळ जाऊन गुडघे वाकवावेत आणि पायांच्या बळावर ती उचलावी. एवढ्या एका क्षणाच्या विलंबाने कोणतेही काम अडत नाही.

तिसरी गोष्ट अशी, की ताठरपणाला नीटनेटकेपणा समजू नये. कवायतीतल्या ‘सावधान’प्रमाणे अंग आवळून अभ्यासाला बसणारा मुलगा थोड्याच वेळात थकतो आणि पहिल्यापेक्षाही अधिक वाकतो. बसताना पाय जमिनीवर टेकलेले असावेत, दोन्ही बैठकांवर सारखा भार असावा आणि डोके कण्यावर हलके तोललेले असावे. पण शरीरात कोठेही ओढाताण असू नये. कितीही चांगली बैठक असली, तरी ती तासन्‌तास तशीच ठेवली तर शरीर शिणते. म्हणून मधूनमधून उठावे, चार पावले चालावे, हातपाय मोकळे करावेत.

चौथी आणि शेवटची गोष्ट म्हणजे धीर. सवय जडते ती हजार वेळा केलेल्या लहानशा कृतीमुळे. तेव्हा ती सुटण्यासही वेळ लागणारच. आज दहा वेळा पोक निघाले आणि त्यांपैकी दोन वेळा ते आपले आपल्याला कळले, तर तेवढाही लाभच समजावा. उद्या ते कदाचित तीन वेळा कळेल. आई ‘ताठ बस’ म्हणून सांगते ती मायेपोटी. पण ती चोवीस तास आपल्या मागे उभी राहू शकत नाही. अलेक्झांडरच्या मागेही कोणी उभे नव्हते. त्याच्यापाशी होते ते तीन आरसे आणि त्यांत दिसणारे सत्य मान्य करण्याची तयारी. आरसा कोणाच्याही घरी असतो. त्यात स्वतःकडे कसे पाहावे, हे मात्र ज्याचे त्याने शिकायचे असते.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत लिहा :
(अ) कार्यक्रमानंतर अलेक्झांडरने डॉक्टरांपुढे कोणता विचार मांडला?
(आ) आरशापुढे पठण करताना त्याला कोणत्या तीन गोष्टी आढळल्या?
(इ) त्याने आणखी दोन आरसे का उभे केले? त्यांत त्याला काय दिसले?

२. कारणे द्या :
(अ) बसल्या बसल्या डुलकी लागली, की हनुवटी छातीकडे झुकते.
(आ) ‘ताठ बस’ असे सांगूनही मुलगा पुन्हा पोक काढतो.

३. पुढील शब्दसमूहांचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा :
नावारूपास येणे, दगा देणे, थक्क होणे, प्रचीती घेणे, हातातोंडाशी आलेला घास निसटणे.

४. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण तुम्हांला पटते काय? आठ-दहा ओळींत आपले मत लिहा.

५. उपक्रम : लिहायला बसलेल्या मित्राचे दहा मिनिटे निरीक्षण करा आणि मान, खांदे, पाठ व पाय यांची ठेवण कशी होती, ते वहीत टिपून त्याला दाखवा. नंतर त्याच्याकडून आपले तसेच निरीक्षण करून घ्या.